शेटे सरांचा प्रोटॉन

लग्नाच्या मांडवात शेटे सरांच्या हाती माईक गेला की आमच्या पालम गावची माणसं मुठीतल्या अक्षता खिशात टाकतात. आता बराच वेळ अक्षतांचं काम नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आमच्याकडं मुहूर्ताच्या आधी आशीर्वादाची भाषणं होतात. ज्याचं नाव पुकारलं नाही तो वर्षभर रुसून बसतो, म्हणून सगळ्यांचीच नावं पुकारतात. पुढारी आपली कामं सांगतात, संस्थाचालक आपल्या संस्था सांगतात आणि आमच्या कॉलेजातून भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले शेटे सर वधूवरांना प्रोटॉन फोडून दाखवतात.

"प्रोटॉन म्हंजे काय गोटी हाय का? आतून बघा, आतून!" असं म्हणून ते कपाळावरच्या विभूतीच्या तीन पट्ट्यांवर बोट ठेवतात. "हे तीन क्वार्क. तिघांचं वजन करा, काहीच भरंना! मग प्रोटॉनला वजन आलं कुठून? ह्यांना धरून ठेवणारे ग्लुऑन हायत. त्यांच्या ओढाताणीचं वजन हाय हे!"

मागून कुणीतरी "सर, वरण थंड व्हायलंय" म्हणतं. मग सर वरणातले प्रोटॉन सांगायला घेतात.

परीक्षेत क्वार्कवर एका मार्काचाही प्रश्न येत नाही, त्यामुळं वर्गात पोरांनी हे कधी ऐकलं नाही. लग्नातून मात्र जेवल्याशिवाय कुणी पळत नाही, हे सरांनी बरोबर हेरलं होतं. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायचो आणि वर त्यांचा शेजारी, तेव्हा मला तर सुटकाच नव्हती. एकदा किराणा दुकानात काट्याकडं बोट दाखवून ते म्हणाले, "हे वजन साखरेचं न्हाई, आतल्या ओढीचं हाय." दुकानदार सरळ माणूस. म्हणाला, "मग साखर काढून घेऊ का, सर?"

सरांची बायको लवकर गेली. मुलगी गौरी लहान होती. तिची वेणीसुद्धा सरच घालायचे, आणि ती बरी घालायचे. यंदा गौरीचं लग्न ठरलं. सासर लांब, देवगाव फाट्याच्याही पलीकडं, जालन्याला. तिनं बापाला एकच अट घातली, "आप्पा, माझ्या लग्नात माईक धरायचा न्हाई. सासरची माणसं हसतील."

सर "बरं" म्हणाले. संध्याकाळी मात्र माझ्या ओट्यावर येऊन बसले. "गुरुजी, गावातल्या समद्या पोरींच्या लग्नात बोललो. आपल्याच पोरीच्या लग्नात गप बसू?" मला लय वाईट वाटलं. पंगत वेळेवर बसणार म्हणून थोडं बरंही वाटलं.

लग्नात निवेदकानं मानपानाच्या धाकानं सरांचं नाव पुकारलंच. गौरीचा चेहरा पांढराफटक पडला. सर उठले, माईक घेतला, तिच्याकडं बघत राहिले आणि "सुखी ऱ्हावा" एवढंच बोलून खाली बसले. मंगलाष्टकं चक्क मुहूर्तावर लागली. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

निघताना गौरीनं गाडीची काच खाली केली. रडून तिचे डोळे सुजले होते. "आप्पा, आता सांगा. क्वार्क एकमेकांपासून लांब ओढले तर काय होतं?"

आयुष्यभरात सरांना हा प्रश्न कुणी आपणहून विचारला नव्हता. खिडकीवर हात ठेवून ते म्हणाले, "काय न्हाई होत, माय. लांब गेलं की ओढ कमी होत जाती. जाय तू."

गाडी रस्त्याला लागली. त्यांचं भाषण मी इतक्यांदा ऐकलंय की मराठीचा मास्तर असूनही खरं उत्तर मला तोंडपाठ आहे. कितीही लांब न्या, ती ओढ कमी होत नाही. सरांनी जन्मात पहिल्यांदा भौतिकशास्त्र चुकीचं सांगितलं होतं, आणि गाडी दिसेनाशी झाली तरी त्यांचा हात खिडकीच्याच उंचीवर होता.