कोट धुवायला गेलाय

भुजंगराव कुणाच्या घरी आले, की बायका आधी भिंतीवरचे जुने फोटो उतरवून लपवतात आणि मग चहा ठेवतात. उलटं करून चालत नाही. चहा पिऊन भुजंगराव जातात, आणि फोटो भिंतीवर असला तर तोही त्यांच्या पिशवीतून जातो.

देगलूरच्या तहसील कार्यालयात जन्मभर कारकुनी करून ते गावी परतले आणि त्यांनी गावाचा इतिहास जमवायला घेतला. जमवणं म्हणजे मागणं, आणि मागणं म्हणजे उंबऱ्यावर ठाण मांडणं. बायको वारली, मुलगा पुण्यात. घरात ट्रंकाच ट्रंका आणि त्यांत अख्ख्या गावाचे फोटो आणि पोस्टकार्डं.

पोस्टकार्ड हातात आलं की ते आधी शेवटची ओळ वाचतात. वर कुणी मेलं असो की म्हैस व्याली असो, त्यांना घेणं नाही. 'अमक्यास नमस्कार, तमक्यास आशीर्वाद' ही ओळ तेवढी पाहिजे. "वर माणूस कामाचं लिहितो," ते म्हणतात, "मनातलं खाली ऱ्हातं."

पाटलांच्या एका लग्नात त्यांनी खिशातून दोन कार्डं काढून भर पंगतीत दाखवली. "ह्ये पोळ्याचं. थोरल्या भावाला नमस्कार हाय. ह्ये दिवाळीचं. नमस्कार गायब. मंजे बांध मदल्या काळात कोरला." भाऊ कधीचे एक झाले होते. पंगतीतच बांध पुन्हा निघाला, माणसं उठली, आणि भुजंगराव भाताची वाट बघत बसून राहिले.

फोटोंचं शास्त्र वेगळं. देगलूरला तेव्हा एकच फोटो स्टुडिओ आणि स्टुडिओत एकच काळा कोट. आमच्या गावचा प्रत्येक नवरदेव त्याच कोटात उभा आहे. खिशाला तेच पेन, मागे तेच रंगवलेलं तळं, तळ्यात तीच मान मोडलेली बदकं. माणसं बदलतात, कोट म्हातारा होत जातो. भुजंगराव फोटोचा काळ कोटाच्या बटनांवरून ठरवतात. "चार बटनं मंजे दुष्काळाच्या आदी. तीन मंजे नंतरचं. टाचणी दिसली का समजायचं, गावात गॅसची शेगडी आली."

एका म्हाताऱ्यानं जीव तोडून सांगितलं, "आरं, माजं लगीन दुष्काळाच्या आदीचं हाय."

"तुला काय माहीत? बटन तीन हाय."

यंदा शाळेत या फोटोंचं प्रदर्शन ठरलं. सरपंचांनी नाव दिलं 'आमचं एकोप्याचं गाव'. फोटोंखालच्या ओळी लिहायला मला बोलावलं, कारण चळवळीची पत्रकं लिहून माझं अक्षर सुधारलंय. विचार सुधारावेत अशी गावाची इच्छा आहे.

लिहिता लिहिता दिसलं ते एवढंच. गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतले फोटो मोजके, आणि त्यांतल्या एकाच्याही अंगावर कोट नाही. यात कोडं काही नव्हतं. आमचा माणूस स्टुडिओत गेला की उत्तर ठरलेलं असे, "कोट धुवायला गेलाय." इतका धुतलेला कोट जगात दुसरा नसेल. माझा आजा सखारामही हेच ऐकून परत आला होता. पुढं तो निजामाबादला वीटभट्टीवर गेला आणि तिकडंच वारला. त्याचा फोटो आमच्या घरात नाही. तो कसा दिसायचा हे बापालाही धड सांगता येत नाही.

"आबा," मी भुजंगरावांना म्हणालो, "सगळ्यांत वर मोठ्या अक्षरात लिहितो, 'कोट धुवायला गेलाय'. मग एकोपा."

"लोक फोटो काढून नेतील."

"नेऊ द्या."

"पत्रकं वाचून वाचून तुला जिकडंतिकडं भिंतीच दिसून राहिल्या."

"आणि तुम्हाला बटनं."

मी पेन ठेवलं आणि उठलो.

प्रदर्शनाच्या दिवशी प्रदर्शनाविरुद्धची पत्रकं पिशवीत घालून मी शाळेत गेलो. सरपंच स्वतःच्या बापाच्या फोटोखाली फोटो काढून घेत होते. पण भिंतीवर दोन-तीन खिळे रिकामे होते, आणि माणसं कोपऱ्याकडं बघून कुजबुजत होती.

कोपऱ्यात मी कधी न पाहिलेला फोटो होता. तळं, बदकं आणि दोन पोरं. एकाच्या अंगावर कोट. दुसरा नुसत्या सदऱ्यात, हात अंगाला चिकटवून. तो कॅमेऱ्याकडं बघत नव्हता, शेजारच्या बाहीकडं बघत होता. खाली भुजंगरावांच्या कारकुनी अक्षरात लिहिलं होतं: 'डावीकडे मी. उजवीकडे सखाराम, माझा दोस्त. कोट धुवायला गेला नव्हता. माझ्या अंगावर होता.'

भुजंगराव शेजारी येऊन उभे राहिले. आसपास कुणी थांबत नव्हतं.

"गावभर फोटो मागत फिरलात," मी म्हणालो, "आणि आमच्या घरचा एकुलता एक फोटो ट्रंकेत दाबून बसलात."

"हाव," ते मान डोलावून म्हणाले.

मला भांडायचं होतं. समोरचा 'हाव' म्हणाला की काय करायचं, हे कुठल्या पत्रकात नसतं.

"तुज्या आजीनं मला सख्याची कार्डं दिली व्हती," ते म्हणाले. "निजामाबादची. समद्यांची शेवटची ओळ वाचली म्या. अख्ख्या वस्तीला नमस्कार हाय. मास्तरला हाय. माज्या बैलाचीबी खबर पुसली हाय. माजं नाव न्हाई."

मग त्यांनी चष्मा वर सरकवला आणि फोटोच्या काचेवर बोट ठेवलं. मला वाटलं, आज्याच्या चेहऱ्यावर ठेवतील. त्यांनी ते कोटावर ठेवलं आणि एकेका बटनावरून खाली आणलं.

"चार हायत," ते म्हणाले. "भर उन्हाळा व्हता. तरी चारीच्या चारी लावली व्हती बग म्या."