लेलेकाकांची झडती

लेलेकाकांच्या घरात शिरणं सोपं आहे. बाहेर पडताना मात्र झडती द्यावी लागते. दारात हात वर करून उभं राहायचं. काका आधी कोटाच्या बाह्या बघणार, मग खिसे, मग पिशवीतली एकेक वस्तू काढून बाकावर मांडणार. बायकांच्या कोटाला हात लावणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी लांब दांड्याचा एक लाकडी डाव ठेवलाय. त्या डावाने ते बाह्यांवर हलकेच ठोकतात, आत कुणी असलं तर ओ देईल अशा बेताने. सगळं मनासारखं झालं की "गेनाऊ", म्हणजे जर्मनमधलं 'अगदी बरोबर', म्हणतात आणि मगच कडी काढतात.

पहिल्या खेपेला मी भडकले. म्हटलं, "काका, मी एम.टेक. झालेली बाई आहे. तुमच्या घरातलं काय चोरून नेणार मी?"

"अगं रेश्मा, तू कशाला चोरशील! इथले चोर पिशवीत बसून स्वतःच जातात."

हे चोर म्हणजे काकांचे फ्रेटशन. इंग्रजीत फेरेट. मराठीत याला शब्द नाही आणि नाही तेच बरं. मुंगसाच्या जातीचं वाटावं असं लांबुळकं, केसाळ जनावर, डोळ्यांवर दरोडेखोरासारखी काळी पट्टी. हाडं देताना देव विसरला असावा, कारण दाराखालच्या फटीतूनही ते ओघळत जातं. मी मुंगूस म्हटलं की काका खवळायचे. "मुंगूस रानात राहतं. हे घरचे आहेत!" त्यातले एक घरचे एकदा एका पाहुणीच्या पर्समध्ये झोपी गेले आणि एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, थेट विमानतळापर्यंत जाऊन आले. तेव्हापासून झडती सुरू झाली.

काका राहतात स्टुटगार्टच्या एका चढावर, माझ्या बरोबर डोक्यावर, वरच्या मजल्यावर. एका मोटारीच्या कंपनीत जन्म काढून निवृत्त झाले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा आनंद म्युनिकला. मी इथे आले तेव्हा काकांकडे दोन फ्रेटशन होते, बंडोपंत आणि सगुणाबाई. दोघांशी अहोजाहो. "बंडोपंत, माझा चष्मा द्या बरं. अहो, असं काय करता, परवा मोजा नेलात, काल किल्ली नेलीत." आणि बंडोपंत तो चष्मा तोंडात धरून सोफ्याखाली, जिथे त्यांचा कायमचा ऐवज असायचा, तिकडे उलट्या पावली पसार.

या दोघांना स्वतंत्र खोली. या शहरात भाडी काय आहेत, ते इथे राहणाऱ्यालाच विचारा. मी महिन्याचा निम्मा पगार ओतून एका खोलीत राहते, आणि मुंगसांना खिडकीवाली खोली, त्यात पाइपांचे बोगदे, आणि काकूंच्या सुती लुगड्यांचे शिवलेले झोपाळे. उन्हाळ्यात यांना उकाडा सोसत नाही म्हणून थंड फरश्या आणि पंखा. काका स्वतः हॉलमध्ये, सोफ्यावर.

आता माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. सोलापुरात माझ्या वडिलांचं, अण्णांचं, मटणाचं दुकान आहे. हे मी कुणापासून लपवत नाही, लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण मी सुरीला हात लावायचा नाही असा आईचा हुकूम होता. दुकानामागच्या खोलीत बसून, ठोकण्याच्या आवाजावर मी गणितं सोडवली आणि ती सोडवत सोडवत जर्मनीपर्यंत आले. इथे मी ब्रेकची चाचणी करते.

तर काका कट्टर शाकाहारी. अंडंसुद्धा नाही. आणि फ्रेटशन नखशिखांत मांसाहारी. "आल्झो, ऐक," काका जर्मन पालुपद लावून सांगत, "पहिल्या वर्षी मी त्यांना वरणभात दिला. वर साजूक तूप. दोघं आजारी पडले. डॉक्टरीणबाईंनी मला जे झापलंय ना, तसं माझ्या सासऱ्यांनीही कधी झापलं नव्हतं." तेव्हापासून बाल्कनीत वेगळा फ्रीझर. त्यात कोंबडीची काळजं आणि गोठवलेली एक दिवसाची पिल्लं. रोज सकाळी काका पोहण्याचा चष्मा लावून, नाकाला रुमाल बांधून, डोळे मिटून सुरी चालवत. मग आंघोळ. मग देवपूजा. मग बोटाला पट्टी.

मी ते एकदा पाहिलं आणि राहवलं नाही. "काका, डोळे उघडा, नाहीतर बोट जाईल."

"डोळे उघडले तर दिसतं गं!" मग थोडं अडखळत, "तुला... म्हणजे तुमच्याकडे सवय असेल ना?"

दुसरं कुणी असतं तर मी दोन शब्द सुनावले असते. त्यांनाही सुनावले. "सवय अण्णांना आहे. मला डिग्री आहे." आणि मग म्हटलं, "द्या इकडे ती सुरी."

अण्णांना फोनवर सांगितलं तर ते इतके हसले की गिऱ्हाइकांनी काय झालं म्हणून विचारलं. "एवढं शिकून शेवटी दुकानच टाकलंस की गं!"

सगळी सकाळ अशी जनावरांत घालवणाऱ्या माणसाच्या घराला वास येतो. फ्रेटशनचा वास भयंकर असतो, आणि अत्तर लावलं की अत्तरासकट येतो. काका अत्तरही लावत. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला ते आपणहून दारापाशी बसत. त्यांच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या. आरती झाली की त्यांच्या हातावर प्रसाद लांबूनच पडे. घरी कुणी येत नसे. झडतीचा नियम होता, पण झडती द्यायला मी एकटीच.

शेवटी एकदा मी विचारलंच, "काका, हे कशासाठी? कुणी सांगितलंय?"

"आनंदने," ते म्हणाले.

शाळेत असताना आनंदने हट्ट धरला होता. फ्रेटशन एकट्याला ठेवायचं नाही, हा इथला नियम. एकटं राहिलं की ते खात नाही, खंगतं. म्हणून जोडी आणली. आनंदचा उत्साह एका उन्हाळ्यात संपला. पुढे शिकायला गेला, नोकरीला लागला. इकडे जोडीतलं एक मेलं. दुसरं एकटं पडलं, म्हणून तिसरं आणलं. मग दुसरं मेलं. तिसरं एकटं, म्हणून चौथं. हे असं वीस-बावीस वर्षं. दोन्ही एकदम मरतील तेव्हा काका सुटणार, आणि तसे ते कधीच मेले नाहीत.

"मध्येच थांबवायचं की!"

"कुठे थांबवू? दर वेळी एक मागे राहतंच ना. नियम म्हणजे नियम."

मला हे गणित सुटलं नाही. मी कपाळाला हात लावला.

या जनावराची झोप एक संकट आहे. दिवसातला बहुतेक वेळ झोपतं, आणि असं झोपतं की उचललं तर फडक्यासारखं लोंबतं. हलवा, हाका मारा, काही नाही. एकदा काकांचा फोन आला, "रेश्मा, बंडोपंत गेले." मी धावत वर गेले. काकांनी बंडोपंतांना पाटावर निजवलं होतं, डोक्याशी निरांजन, आणि देव्हाऱ्यातलं गंगाजल चमच्याने तोंडात घालत होते. तुळशीचं पान ओठांना लागलं, तसे बंडोपंत जागे झाले, काकांच्या अंगठ्याला कडकडून चावले आणि निरांजन घेऊन सोफ्याखाली गेले. नशीब, विझलं होतं. असं पुन्हापुन्हा झालं. पुढे पुढे मी जिना चढतानाच म्हणायची, "काका, आधी अंगठा सांभाळा."

म्हणून त्या रविवारी फोन आला नाही याचं मला काही वाटलं नाही. नेहमीसारखी काळजं चिरायला वर गेले. काका सोफ्यावर बसले होते, मांडीवर बंडोपंत.

"झोपलेत," ते म्हणाले.

मी हात लावला. अंग गार होतं. मटणाच्या दुकानात वाढलेल्या पोरीला झोपलेलं आणि मेलेलं यातला फरक कळतो. शिक्षणाने तो विसरायला होत नाही.

"काका..."

"उठतील गं. यांची झोपच अशी. तू सगुणाबाईंचं कर."

मी सगुणाबाईंचं केलं. त्यांनी तोंड लावलं नाही. दुपार झाली तरी काका हलले नाहीत. गंगाजल काढलं नव्हतं, निरांजन लावलं नव्हतं. शेवटी संध्याकाळी त्यांनी स्वतःच काकूंच्या लुगड्याचा तुकडा मागितला.

त्यानंतर सगुणाबाई खोलीभर फिरायच्या. एकेका बोगद्यात डोकं घालायच्या, बाहेर यायच्या, दुसऱ्यात घालायच्या. खुशीत असले की हे प्राणी कोंबडीसारखं टुकटुक करतात. तो आवाज बंद झाला. काकांनी फ्रेटशन सांभाळणाऱ्या संस्थेला फोन केला, एक जोडीदार हवा म्हणून. त्यांच्याकडून फ्राउ ब्राउन नावाच्या बाई घर तपासायला आल्या. असं इथे करतात. मुलगी बघायला येतात तसं घर बघायला येतात. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला, चहा केला, चकल्या मांडल्या. बाईंनी टेप लावून खोली मोजली, पाइपांत हात घातला, फ्रीझर उघडला. लुगड्यांचे झोपाळे पाहून म्हणाल्या, असं घर मी पाहिलं नाही. काका फुलून गेले.

मग बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "हेर लेले, नवा प्राणी पुढची सात-आठ वर्षं जगेल. तुम्हाला काही झालं, दवाखान्यात राहावं लागलं, तर यांना कोण बघेल?"

"मुलगा आहे ना!" काकांनी तिथल्या तिथे फोन लावला आणि अभिमानाने आवाज मोठा ठेवला. "अरे आनंद, नुसतं तुझं नाव द्यायचंय. प्रत्यक्षात तुला काही करायला लागणार नाही. मी आहे की."

आनंदला मराठी सगळं कळतं. उत्तर जर्मनमध्ये येतं. "नाइन, पापा." म्हणजे नाही. मग पुढचंही जर्मनमध्येच, पण हळू आवाजात, "पापा, मी तेव्हा लहान होतो. मला ते केव्हाच नकोसे झाले होते. तुम्ही माझ्यासाठी हे करू नका."

"तुझ्यासाठी कुठे," काका म्हणाले. "सगुणाबाई एकट्या आहेत रे."

फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, "माझं नाव घाला."

"तुझं काँट्रॅक्ट मार्चपर्यंत," काका म्हणाले. "मग तू नोकरीला म्युनिकला की परत सोलापूरला, ते तुझं तुलाच माहीत नाही. खोटं नाव कसं द्यायचं?" फ्राउ ब्राउननीही मान हलवली. मी इंजिनीअर आहे, नोकरी आहे, दोन भाषांत भांडू शकते. पण मुंगसाला आधार म्हणून माझी गणती होत नव्हती.

बाईंनी मग हळूच सांगितलं की कार्ल्सरूहेजवळ एका कुटुंबाकडे मोठं आवार आहे, चारपाच फ्रेटशन आहेत, तिथे सगुणाबाईंची सोय होईल. काकांनी त्यांना बारीकसारीक विचारलं. उन्हाळ्यात सावली असते का? काळजं बारीक चिरून देतात का? टुकटुक करतात का तिथे कुणी? हो, करतात, बाई म्हणाल्या.

"मग न्या," काका म्हणाले. "एकट्याला ठेवायचं नाही."

बाई निघताना काकांनी सगुणाबाईंच्या पेटीत एक झोपाळा घातला आणि बाईंना बजावलं की हिला 'अहो' म्हणतात. बाईंनी गंभीरपणे दोनदा म्हणून दाखवलं. पेटी जिन्यावरून खाली जाईपर्यंत काका दारात उभे होते.

पुढच्या शनिवारी मी पिठलं घेऊन वर गेले. खिडक्या बंद होत्या. म्हटलं, उघडा की, जरा हवा येऊ दे.

"नको," ते म्हणाले. "वास चाललाय गं."

मंडळातल्या दोघातिघांना मी मुद्दाम फोन करून सांगितलं होतं की आता काकांकडे काही नाही, जाऊन या. "हो हो, येऊ," म्हणाले. आले नाहीत. आनंदचा फोन येतो म्हणे. मी काही विचारलं नाही. काका अजून हॉलमध्येच झोपतात. खोलीतले झोपाळे तसेच टांगलेले आहेत.

पिठलं खाऊन झालं. मी कोट घातला आणि सरळ कडीला हात घातला. मागून आवाज आला, "हात वर."

वळून पाहिलं तर काका डाव घेऊन उभे. मी हात वर केले. त्यांनी डावी बाही ठोकली, कान देऊन ऐकलं. उजवी ठोकली. पिशवीतली छत्री काढली, पाकीट काढलं, रुमाल झटकला. सगळं बाकावर मांडलं आणि परत एकेक करून भरलं. पण "गेनाऊ" म्हणाले नाहीत.

मी म्हटलं, "काका, डब्याची पिशवी राहिली."

"हो की," ते म्हणाले, आणि बाकावर बसून ती मांडीवर घेतली.

हल्ली मी वर जाताना तीन पिशव्या नेते. एकीत डबा असतो, बाकीच्या दोन रिकाम्या. काका तिन्ही तपासतात.