शिशाच्या दरवाजाआडील अढळ वाटेची बखर

समस्त वाचकांचे सेवेसी सादर. दंतवैद्यकाचे दवाखान्यात शिशाच्या दरवाजाशी जे युद्ध जाहले त्याचा मजकूर यथास्थित लिहावा, काही राखू नये, काही वाढवू नये, ऐसी आज्ञा जाहली. त्याजवरून जे प्रत्यक्ष पाहिले ते, आणि जे टेकूरावांचे मुखे ऐकिले त्यातील निम्मे वजा करून उरले ते, लिहिले असे.

या मुलुखाची हद्द येणेप्रमाणे. पुढे प्रतीक्षादालन, मध्ये आसनदालन, जेथे भलेभले उताणे पडोन गर्व सोडितात, आणि मागील अंगास क्ष-किरणांचे दालन. त्यास शिशाचा पत्रा ठोकिलेला जबर दरवाजा, किरण बाहेर पडू नयेत सबब आपणहून मिटणारा. मुलुखाच्या धनीण डॉक्टरीणबाई, ज्यांस सारे ताई म्हणत; हाताच्या हलक्या, शब्दाच्या जड. त्यांचे धाकटे बंधू भाऊसाहेब संगणकांचे कारभारी. स्वभावे लाजाळू, माणसांहून यंत्रांची सोबत बरी मानीत, कारण यंत्र उत्तर देताना तोंडाकडे पाहत नाही. तिसरे कंपाउंडर; भिंत, कपाट, टेबल, जे सापडेल त्यास टेकोनच उभे राहत, म्हणोन टेकूराव हा किताब पावले.

आता वैराचे मूळ. क्ष-किरणांच्या संगणकास बाहेरच्या दोन पेट्यांशी बिनतारी दळणवळण होते, ज्यास रयत वाय-फाय म्हणते. थोरल्या पेटीतून रस्ता सकळ जगाकडे जाई, धाकटीतून एकट्या आसनदालनाकडे. संगणकास उपजत ठावी ती थोरलीच. म्हणोन भाऊसाहेबांनी स्वहस्ते लिहून दिले होते की, आसनदालनास जाणे ते धाकटीवरून जाणे. ऐसी हाताने लिहिलेली, आपणहून न बदलणारी वाट, तीस अढळ वाट म्हणतात. नाव अढळ, परंतु दैव चंचल. दरवाजा मिटला की शिशापुढे वाय-फाय तुटे, आणि तुटताच संगणक ती वाट पुसून टाकी. मग दरवाजा उघडला, वाय-फाय परत आले, तरी वाट परत न ये. आणि दरवाजा मिटल्यावाचून तर दातांची छबी काढिता न ये. येणेकरून छबी ज्या घटकेस जन्मे त्याच घटकेस तिची वाट मरे. आजवर भाऊसाहेब दर खेपेस वाट नव्याने लिहीत, कोणास न सांगता, जैसे कोणी विसरभोळ्या आप्तास रोज आपले नाव सांगावे.

तो बुधवारी अकराचे सुमारास निवृत्त मुख्याध्यापिकाबाई अक्कलदाढ काढविण्यास दाखल जाहल्या. ताई आणि भाऊसाहेब उभयता त्यांच्याच हाताखाली शिकलेली. ताईंनी भूल दिली, सांडशी लाविली, आणि दाढेचा माथा मोडोन हाती आला, मुळी आत राहिली. मुळी कोणत्या अंगास वाकली हे कळल्यावाचून हात घालणे म्हणजे शिरेशी दगा. बाईंस रक्तदाब, सबब दुसरी भूल देणे नाही. आणि पहिली उतरण्यास चाळीस मिनिटे. तातडीने बाईंस मागे नेऊन छबी काढिली, आणि पुन्हा आसनावर स्थापिले. तोंडात जबडा उघडा राखण्याचा रबरी ठोकळा, म्हणोन बोलणे बंद. परंतु हुकूम बंद नव्हता. पर्समधून लाल पेन आणि चिठ्ठ्या निघाल्या.

छबी उघडण्याचा परवाना एकट्या आसनदालनाच्या संगणकास होता, आणि मागील साली पेनड्राइव्हमार्गे विषाणूंची स्वारी जाहली तेव्हापासून पेनड्राइव्ह मुलुखातून हद्दपार होता. मग वाटेवाचून गत्यंतर नाही ऐसे जाणोन भाऊसाहेबांनी दरवाजा उघडोन वाट लिहिली आणि छबी रवाना केली. तिसरा हिस्सा पोहोचला तो दरवाजा मिटला, वाट पुसली, आणि उघडल्यावर उरलेले तुकडे थोरल्या पेटीतून जगाच्या बाजारात दाढ शोधीत फिरले आणि तेथेच गतप्राण जाहले. मग दरवाजात स्टूल रोविले. शिशापुढे ते फरशीवरून आक्रंदत घसरले. मग टेकूरावांस पाचारण जाहले. तेव्हा त्यांनी बाह्या सारिल्या, दरवाजास पाठ लाविली, आणि वीस वर्षांची टेकण्याची तपश्चर्या फळास आली. दरवाजा तसूभर हलला नाही. परंतु टेकूरावांचा देह भरदार, आणि नेमका संगणक व पेट्या यांचे मध्ये. वाय-फाय त्यांच्या पोटात शिरले ते पलीकडे निघेना.

"टेकूराव, जरा पोट आत घ्या."

"आतच आहे, भाऊसाहेब. हे बाहेर दिसतंय ना, ते आत घेतलेलंच आहे."

आसनदालनातून ताईंची विचारणा आली. "किती वेळ?"

"पाच मिनिटं, ताई."

"तुझी पाच मिनिटं मी लहानपणापासून बघतेय. वीस उरलीत. बाईंचा ओठ जागा व्हायला लागलाय."

इतक्यात लाल अक्षरांचे फर्मान जाहीर जाहले की, कारभाऱ्याने समक्ष येऊन कारण सांगावे. भाऊसाहेब आसनापुढे उभे राहिले, आणि वाचा गेली. कारण चौथीत असता याच बाईंपुढे बाकापासून फळ्यापर्यंतच्या सात पावलांत त्यांची तोंडपाठ कविता नाहीशी जाहली होती. ती सात पावले ते आजवर मनात चालत होते. बाईंनी क्षणभर पाहिले, आणि दुसरे फर्मान लिहिले की, बोलता येत नसेल तर लिहा. मलाही आज बोलता येत नाही.

कागद हाती येताच भाऊसाहेबांचा हात मोकळा जाहला. त्यांनी अर्ज गुदरला की, दार मिटले की वाय-फाय तुटते. ते परत येते, परंतु वाट विसरून येते. सबब दार मिटूच नये म्हणोन झटतो आहे. बाईंनी अर्ज वाचिला, "झटतो आहे" याखाली लाल रेघ ओढिली, आणि तिसरे फर्मान लिहिले, ते शब्दशः येणेप्रमाणे:

"सुट्टीनंतर मुलं पाढे विसरणारच. म्हणून मी चौतीस वर्षांत सुट्टी बंद केली नाही. हजेरी झाली की आधी पाढे म्हणून घ्यायचे, मग पुढचं. दार मिटू द्या."

भाऊसाहेबांनी ते दोनदा वाचिले. आणि त्यांस स्मरण जाहले की, त्या दिवशी फळ्यापाशी बाई रागावल्या नव्हत्या. कवितेची पहिली ओळ त्यांनी हळूच सांगितली होती. पुढले सारे मग आपोआप आले होते. इतकी वर्षे विसरणे तेवढे ध्यानी राहिले, आठवणे विसरले.

मग ते मागे धावले, आणि संगणकास कायमची सनद लिहून दिली की, जेव्हा जेव्हा वाय-फाय जुळेल तेव्हा तेव्हा, दुसरे कोणतेही काम करण्यापूर्वी, अढळ वाट नव्याने लिहिणे, आणि उरलेली छबी जेथे अडली तेथून पुढे धाडणे.

"टेकूराव, सोडा दार."

"सोडू? मग मी काय करू?"

"दुसरीकडे टेका."

टेकूराव व्यथित अंतःकरणे बाजूस जाहले. दरवाजा मिटला. वाय-फाय तुटले, वाट पुसली. भाऊसाहेबांनी दरवाजा ओढिला. वाय-फाय आले, आणि कोणी हात न लाविता वाट उभी राहिली. आसनदालनातून आरोळी आली, "आली! अर्धी आली!" मग दरवाजा पुन्हा मिटला आणि पुन्हा उघडला, ऐसा सात वेळ; दर खेपेस वाट मेली, दर खेपेस उठली, आणि छबी पट्टीपट्टीने उतरत गेली, तो सातव्या खेपेस मुळीचे टोक दिसले, आकड्यासारखे, जिभेच्या अंगास वळलेले. ताईंनी एक वेळ पाहिले, सांडशी त्या अंगाने फिरविली, आणि मुळी अखंड बाहेर आली. भूल उतरण्यास सहा मिनिटे शिल्लक होती.

ठोकळा निघाला, कापूस आत गेला, म्हणोन बाईंचे मौन आणखी अर्धा तास कायम राहिले. जाताना भाऊसाहेबांचे हाती त्यांनी शेवटली चिठ्ठी दिली. तीत लिहिले होते: "दहापैकी नऊ. एक कापला, अर्ज आधीच करायला हवा होता."

टेकूरावांनी आपले गुण विचारिले, त्यांस बाईंनी हाताने खूण केली की, सरळ उभे राहा.

येणेप्रमाणे बुधवारी बारा वाजण्यास दहा कमी असता फत्ते जाहली, तिची नोंद घेतली असे. शिशाचा दरवाजा जिंकिला गेला नाही. तो आजही मिटतो. वाय-फाय आजही तुटते. लाल अक्षरांची चिठ्ठी धाकट्या पेटीखाली दडविलेली आहे, आणि दरवाजा उघडला की पेटीवरला दिवा दोन वेळ लुकलुकतो, मग हिरवा होतो. तेवढा वेळ भाऊसाहेब काम थांबवून त्याजकडे पाहतात.