साठवणुकीतलं हसू

बोरखेडीच्या सौर केंद्रात नवी बॅटरी बसली तेव्हापासून ती दिवसभराच्या विजेबरोबर मंदाचं हसूही साठवू लागली. मंदा तिथे पॅनेल पुसायला जायची. जुनी बॅटरीही हसू साठवायची म्हणे, पण तिला गळती होती. दिवेलागणीपर्यंत ते विरून जायचं आणि नुसता उजेड उरायचा. नवीत भरलेलं पहाटेपर्यंत जसंच्या तसं राही.

संध्याकाळी दिवे लागले की बल्बांतून मंदा हसायची. गावाला ते आवडलं. तायड्यांकडे तर पोरं तिच्या हसण्याशिवाय जेवेनात.

मंदाचा नवरा दिगंबर पिठाची गिरणी चालवायचा. दळण टाकायला आलेली माणसं वर बल्बाकडे बघून म्हणायची, "वहिनी काय मोकळं हसतात!" दिगंबर गिरणीचा पट्टा घट्ट करत राही. हे हसू त्यानं लग्नानंतर घरात कधी ऐकलं नव्हतं. घरी मंदा दमून यायची, भाकरी टाकायची, झोपायची. तिचा नवरा तो, आणि हसू मात्र अख्ख्या गावाला!

तो वीज कचेरीत गेला. अभियंता पिंगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हसू वेगळं काढता येईल का?" दिगंबरनं विचारलं.

"येईल. पण मग उजेड पिवळा पडतो."

"मग ते फक्त माझ्या घरी सोडा."

"एका घराचं वायरिंग तेवढा दाब सोसणार नाही," पिंगळे म्हणाले. "नवी बॅटरी फार चांगली आहे हो."

दुपारी दिगंबर थेट केंद्रावर गेला. कोण हसवतं हिला, ते एकदा बघायचंच होतं. बॅटरीच्या खोलीच्या सावलीत मंदा आणि तिच्याबरोबर पॅनेल पुसणारी रुखसानाबी डबा खात बसल्या होत्या. दुसरं चिटपाखरू नव्हतं.

"कशाला हसता गं एवढ्या?"

"काही नाही," मंदा म्हणाली. "असंच."

हे त्याला जास्तच लागलं. कुणी असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यानं गिरणीला कुलूप घातलं आणि सकाळपासून मंदाच्या शेजारी जाऊन बसला. ती पुसेल त्या पॅनेलपाशी तोही सरके. मंदा दिवसभर एकदाही हसली नाही. दिगंबर मात्र अधूनमधून घसा खाकरायचा.

त्या संध्याकाळी गावात दिवे लागले आणि घरोघरचे बल्ब घसा खाकरू लागले. थोड्या वेळानं तायड्यांची म्हातारी दारात आली. तिनं चपला बाहेर काढल्या आणि हात जोडले.

"दिगंबर, बाबा, तक्रार नाही. पण देवघरातला दिवा खाकरतो रे. आरतीला सूर लागत नाही. उद्या तू गिरणीवरच थांब."

"बघतो," दिगंबर म्हणाला. वरचा बल्बही खाकरला.

म्हातारी गेली. दिगंबर खाली मान घालून पाटावर बसला. तेवढ्यात हसू आलं, मोकळं, पोट धरून हसल्यासारखं. त्यानं चमकून वर पाहिलं. मग मंदाकडे पाहिलं. तिनं तोंडावर पदर धरला होता.

आज साठवणुकीत हसू नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. तरी खात्री करावी म्हणून तो उठला आणि त्यानं बटण बंद केलं.

अंधारात मंदा हसतच राहिली. दिगंबरनं बटणावरचा हात काढला नाही.