परबांचा ठिपका

आमच्या समोरच्या ब्लॉकमधले वसंतराव ओगले पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले, तेव्हा कप उचलायच्या आधी त्यांनी खिशातून टेप काढला आणि आमचा सोफा मोजला.

"दुकानदाराने सहा फूट सांगितला असेल," ते म्हणाले. "पाच फूट साडेदहा इंच आहे."

मग शांतपणे चहा प्यायले, वर "छान झालाय" म्हणाले आणि गेले. त्या सोफ्यावर आम्ही चार वर्षं सुखाने बसत होतो. त्या संध्याकाळपासून मला तो आखूड वाटायला लागला.

ओगलेकाका आयुष्यभर सरकारी मोजणीखात्यात होते. दोन भावांत जमीन वाटायची वेळ आली की हे साखळी घेऊन बांधावर हजर. "दोन्ही भाऊ शिव्या देत घरी गेले की समजायचं, मोजणी बरोबर झाली," असं ते सांगतात. नोकरी सुटली, टेप सुटला नाही. लग्न केलं नाही. का, असं एकदा धीर करून विचारलं तर म्हणाले, "दोनदा पाहून आलो. दोन्हीकडे मुलीची उंची पत्रिकेत एक आणि प्रत्यक्षात एक."

त्यांची दोन वाक्यं साऱ्या बिल्डिंगला पाठ आहेत. एक, "माप म्हणजे माप." आणि दुसरं वाक्य नाही, शिवी आहे, "अंदाजपंचे." भाजीवाला अंदाजपंचे, प्लंबर अंदाजपंचे, वेधशाळा तर आहेच. माझी मुलगी गार्गी लहान असताना काका दर वाढदिवसाला आमच्या दाराच्या चौकटीवर तिची उंची पेन्सिलीने नोंदवायचे. ती नऊ वर्षांची झाली त्या वर्षी तिची मामेबहीण तिच्याहून अर्धं बोट उंच निघाली. गार्गीने हळूच टाचा उचलल्या. "टाचा खाली," काका म्हणाले. ती रडायला लागली. मी डोळ्यांनी खुणावलं, नवऱ्याने खाकरून पाहिलं, अर्ध्या बोटाचा तर प्रश्न होता. काकांनी रडणाऱ्या मुलीच्या डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली आणि खरी रेघ मारली. गार्गी आता कॉलेजात आहे. ते अर्धं बोट ती अजून विसरलेली नाही.

आता परब. तळमजल्यावर राहतात, एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून रिटायर झालेले, मूळचे मालवणकडचे. आवाज असा की तळमजल्यावर शिंकले तर आम्ही तिसऱ्या मजल्यावर दचकतो. त्यांची स्कूटर पार्किंगमधली पिवळी रेषा ओलांडून चार बोटं ओगलेकाकांच्या जागेत उभी असते. काकांकडे गाडी नाही. कधी नव्हती. सायकलसुद्धा नाही. तरी रोज सकाळी साडेसातला काका दुधाची पिशवी घेऊन खाली उतरायचे, वाकून मोजायचे आणि हाक मारायचे, "परब, चार बोटं!"

"तुझी गाडी खंय आसा, ता आधी सांग," आतून उत्तर यायचं.

"गाडीचा प्रश्न नाही. हद्दीचा आहे."

"अरे फूटपट्टी, त्या जागेत तू काय गवत लावतलंस?"

हे बावीस वर्षं चाललं होतं. मी सोसायटीची सेक्रेटरी आहे, कारण ज्या मीटिंगमध्ये निवड झाली तिला मी गैरहजर होते. दोघांच्या तक्रारींची माझ्याकडे एक वेगळी फाईल आहे. दोघांनाही मी "बघते" एवढंच सांगत आलेय.

तर गेल्या हिवाळ्यात माझ्या नणंदेचा बाळकुमहून मेसेज आला. ठाण्यातल्या एका ग्रुपने व्हर्च्युअल रन काढली होती. साठ दिवसांत तीनशे किलोमीटर, आपापल्या गावात, आपापल्या वेळेला. पळा नाहीतर चाला. फोनमधलं ॲप अंतर मोजणार आणि नकाशावर तुमच्या नावाचा ठिपका ठाण्याहून निघून कोकणच्या किनाऱ्याकडे सरकत जाणार. ज्याचा ठिपका किनाऱ्याला लागेल, त्याच्या नावाने मुरबाडकडच्या एका दवाखान्याला एक चाकाची खुर्ची मिळणार, पाठीवर नाव रंगवून. खाली नणंदेने लिहिलं होतं, "वहिनी, तुमच्या डोंबिवलीत चालायला जागा आहे का पण?" तिच्या कॉम्प्लेक्सला रबरी ट्रॅक आहे, आमच्याकडे खोदलेला रस्ता आहे. मी त्याच रागात अख्ख्या सोसायटीची नावं टाकली आणि ग्रुपची प्रमुख झाले. माझे स्वतःचे साठ दिवसांत एकोणीस किलोमीटर झाले. त्यावर आपण बोलायला नको.

डोंबिवलीची थंडी म्हणजे पंखा पाचवरून तीनवर येतो आणि लोक माकडटोप्या बाहेर काढतात. पहिल्या सकाळी निम्मी बिल्डिंग खाली होती. आठवड्याने दोघेच उरले. परब, कारण ओगले चालत होता. आणि ओगले, कारण परब चालत होता.

परब चालायचे रस्त्याने, गप्पा मारत, मासळी बाजार करून. एकदा तर बोलण्याच्या नादात कल्याण-शीळ रस्त्याला लागून शीळफाट्याच्या दिशेने एवढे गेले की रिक्षाने परत आले. रिक्षात बसण्याआधी ॲप मात्र आठवणीने बंद केलं, कारण ओगले विचारणार हे त्यांना माहीत होतं. "माझ्या नावाची खुर्ची आधी जातली," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

काकांनी आधी टेप घेऊन बिल्डिंगभोवतीची वाट मोजली. एक फेरी बरोबर दोनशे मीटर. पंचवीस फेऱ्या, पाच किलोमीटर, एक पाऊल जास्त नाही की कमी नाही. फुल पँट, इन केलेला शर्ट, माकडटोपी, हातात वही. एक दिवस ते बाकावर बसून बुटाची नाडी बांधत असताना ॲपने त्यांना बसल्या जागी चाळीस मीटर दिले. काकांनी आयोजकांना पत्र पाठवलं, सोबत हाताने काढलेला नकाशा, की हे चाळीस मीटर माझ्या नावावरून कमी करावेत. आयोजकांपैकी एका मुलीचा मला फोन आला. म्हणाली, "मॅडम, लोक वाढवून मागतात. कमी करायचं बटणच नाहीये आमच्याकडे." दुसऱ्या दिवशी काका चाळीस मीटर कमी चालले आणि हिशेब मिटवला.

अडतिसाव्या दिवशी परब अकरा किलोमीटरनी पुढे होते. त्याच दुपारी जेवताना त्यांच्या हातातून घास पडला, तोंड वाकडं झालं आणि उजवी बाजू गेली. अर्धांगवायूचा झटका. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत काका जिन्याच्या पायरीवर उभे होते. टेप हातात होता आणि तो ते नुसताच उघडत होते, मिटत होते.

दोन दिवसांनी मी दवाखान्यात गेले. परबवहिनी उशाशी बसल्या होत्या. परबांचं बोलणं जड झालं होतं, पण त्यांनी मला जवळ बोलावलं आणि मोठ्या कष्टाने विचारलं, "ठिपको... थांबलो?"

मी "नाही हो, आहे की तिथेच" असं काहीतरी बरळले आणि बाहेर येऊन रडले.

झटक्यानंतर पाचव्या दिवशी परबांचा ठिपका पुढे सरकला, साडेपाच किलोमीटर. सहाव्या दिवशी पुन्हा तेवढाच. मला वाटलं, ॲपला भूत लागलं. मग वाटलं, परबांचा जावई चालत असेल. तो विठ्ठलवाडीला राहतो आणि बसल्या जागेवरून रिमोटसुद्धा मागून घेतो, तेव्हा तो विचार मी सोडून दिला.

एका रविवारी मी साडेदहाला कपडे वाळत घालत होते. खाली ओगलेकाका चालत होते. त्यांच्या पंचवीस फेऱ्या तर मी सकाळी सातलाच पाहिल्या होत्या. माकडटोपी नव्हती, ऊन चढलं होतं, शर्ट पाठीला चिकटला होता आणि ते उजवा पाय जरा ओढत होते. हातात लाल पाकिटाचा फोन. ते पाकीट मी ओळखलं. परबवहिनींनी स्वतः शिवलेलं होतं.

मी खाली गेले. "काका, हा परबांचा फोन ना?"

"वहिनींकडून मागून घेतलाय. चार्ज करून परत देतो रोज."

"म्हणजे तुम्ही दिवसाला दहा किलोमीटर चालताय? या वयात?"

"साडेदहा. त्याचे साडेपाच पडतात. मधले चार दिवस बुडाले ना."

"अहो, मग दोन्ही फोन एकदम खिशात घाला. एकदाच चाला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. टाचा उचललेल्या गार्गीकडे असंच पाहिलं होतं.

"पाच चालायचे आणि दहा लिहायचे? मी मोजणीखात्यात होतो, सेक्रेटरीबाई."

"आणि परबांच्या नावावर तुम्ही चालता ते चालतं?"

"किलोमीटर खरे आहेत. पाय कोणाचे, ते फॉर्ममध्ये विचारलेलं नाही. फॉर्म मी तीनदा वाचलाय."

मी ग्रुपची प्रमुख म्हणून काहीतरी म्हणायला हवं होतं. काका दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. पार्किंगकडे बोट दाखवून म्हणाले, "जावयाने स्कूटर नीट लावलीय. रेषेच्या आत. आठ दिवस झाले, तशीच आहे."

"बरं झालं की मग."

"बघवत नाही मला," काका म्हणाले आणि पुढच्या फेरीला लागले.

त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं की या माणसाशी दिवसभरात बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. आम्ही सगळे त्यांना हसायचो, मीसुद्धा, आणि दार लावून घ्यायचो. रोज साडेसातला त्यांच्या हाकेला ओ देणारा एकच माणूस होता, आणि तो शिव्या देत का होईना, बावीस वर्षं न चुकता ओ देत होता. मला माझीच लाज वाटली.

त्रेपन्नाव्या दिवशी काकांचा गुडघा सुजून नारळाएवढा झाला. डॉक्टरांनी चालणं बंद करायला सांगितलं. काकांनी घासाघीस करून दिवसाला एकाच खेपेची परवानगी मिळवली आणि कोणाची खेप ठेवायची ते डॉक्टरांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते लाल पाकिटाचाच फोन घेऊन खाली उतरायला लागले.

"काका, तुमचे पस्तीस राहिले," मी म्हटलं. "पाय कोणाचे ते विचारलेलं नाही ना? मग तुमचे मी चालते."

"तुमचा वेग पाहिलाय मी. आषाढ उजाडेल."

"मग गार्गी चालेल."

"नको. तो आडवा आहे, म्हणून त्याचे दुसऱ्याने चालायचे. मी उभा आहे. उभ्या माणसाने आपले आपण चालावेत."

साठाव्या दिवशी सकाळी परबांचा ठिपका किनाऱ्याला लागला. ओगलेकाकांचा पस्तीस किलोमीटर अलीकडे उभा राहिला, नावापुढे "अपूर्ण" असा शिक्का घेऊन. काकांनी तो मला मोठा करून दाखवायला सांगितला, चष्म्यातून पाहिला आणि म्हणाले, "बरोबर आहे."

पुढच्या महिन्यात परब घरी आले. मुरबाडहून खुर्चीचा फोटो आला, पाठीवर ठळक अक्षरांत परबांचं नाव. वहिनींनी तो त्यांच्यासमोर धरला. परबांनी तो पाहिला आणि डाव्या हाताने वर, तिसऱ्या मजल्याकडे बोट केलं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

आता रोज सकाळी साडेसातला परबांना पार्किंगमध्ये आणतात. डॉक्टरांनी सरळ रेषेवर चालायचा सराव सांगितलाय आणि आमच्या पार्किंगमध्ये सरळ रेषा एकच आहे, ती पिवळी. परब डाव्या हातात काठी घेऊन स्कूटरपाशी उभे राहतात. रेषेच्या दुसऱ्या टोकाला ओगलेकाका प्लास्टिकच्या खुर्चीत, सुजका गुडघा लांब करून, मांडीवर वही घेऊन बसतात. पहिल्या दिवशी दोन पावलं झाली. मग तीन. मग आठवडाभर सातवर गाडी अडली. सात टाकायची आणि परबांनी भिंतीला हात लावायचा. वहिनी धीर देऊन थकल्या. काल रात्री परब म्हणे जेवलेच नाहीत. उद्यापासून खाली येणार नाही, असं म्हणाले.

आज तरी त्यांना कसंबसं आणलं. मी आणि गार्गी बाजूला उभ्या होतो. परबांनी काठी टेकली. उजवा पाय ओढत एक, दोन, तीन. पाचव्याला मान लटपटली. सहा. सात. आठव्यासाठी पाय उचलायला गेले, तो जागचा हलला आणि होता तिथेच टेकला. परबांनी भिंतीला हात लावला आणि डोळे मिटले.

"आठ," ओगलेकाका म्हणाले.

परबांनी डोळे उघडले. "सात रे."

"आठ."

"मी चललंय ना? सात झाली."

"मोजणीखात्यात तू होतास की मी?" काकांनी वहीत आकडा लिहिला आणि खाली रेघ मारली. "अंदाजपंचे बोलू नकोस. उद्या नऊ."

परब काकांकडे बघत राहिले. मग त्यांच्या तोंडाची जी बाजू हसू शकत होती, ती हसली.

गार्गीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला.