सौंसरचा प्रचंड जनसमुदाय

कोणत्याही शहराची उंची तिथल्या इमारतींवरून मोजू नये, व्यासपीठाच्या लांबीवरून मोजावी. या मापानं पाहिलं तर सन चौऱ्याऐंशीच्या सुमारास सौंसर हे नागपूर आणि छिंदवाडा यांच्या दरम्यानचं सर्वांत पुढारलेलं शहर होतं. (पांढुर्णा स्वतःला पुढे मानत असे. पण पांढुर्ण्याचं व्यासपीठ नुसतं उंच होतं, लांब नव्हतं, आणि त्यावरून एक अध्यक्ष पडलेही होते.)

या प्रगतीचं श्रेय 'नागरिक गौरव समिती'ला आणि तिचे अध्यक्ष भैय्याजी यांना जातं. भैय्याजी संत्र्याचे मोठे बागायतदार. कापसाच्या जुन्या, बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात दर शुक्रवारी संध्याकाळी समिती एका नागरिकाचा सत्कार करी. शाल, हार आणि नारळाऐवजी तीन संत्री, असा थाट. जी संत्री नागपूरच्या बाजारात चालत नसत ती गौरवाला चालत.

समितीचा नियम एकच होता. ज्याचा सत्कार झाला त्यानं पुढच्या प्रत्येक कार्यक्रमाला मंचावर बसायचं. एकदा वर बसलेला माणूस पुन्हा खाली सतरंजीवर दिसला, तर सत्कार उतरला असा अर्थ होतो. शिवाय मंचावरच्या प्रत्येकानं सत्कारमूर्तीविषयी दोन शब्द बोलायचे. (दोन शब्द म्हणजे साधारण वीस मिनिटं. हे माप तिकडे सर्वमान्य आहे.)

डॉक्टर, वकील आणि हेडमास्तर पहिल्याच वर्षी संपले. याला शहराचा दोष म्हणता येणार नाही. थोरवी बारकाईनं शोधावी लागते, आणि समितीनं ती शोधली. छिंदवाड्याच्या बसमध्ये हमखास खिडकी मिळवणाऱ्या गृहस्थांचा सत्कार झाला. दहावीला चौथ्यांदा बसणाऱ्या एका होतकरूचा चिकाटीबद्दल झाला. पांढुर्ण्याच्या गोटमारीला, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेला, जाऊन डोकं शाबूत घेऊन परत आलेल्या किराणा दुकानदाराचा झाला. मग त्याला गोटमारीला जाऊ न देणाऱ्या त्याच्या सासऱ्यांचाही झाला. (दोन्ही सत्कार कसे काय, असा प्रश्न सासऱ्यांनीच भाषणात उपस्थित केला, पण वेळेअभावी त्याचं उत्तर राहिलं.)

मंच वाढत गेला. एकेक फळी जोडत तो पश्चिमेच्या भिंतीपर्यंत गेला, तिथून वळून दक्षिणेच्या भिंतीला लागला. सतरंजी आखडत गेली. आणि एका शुक्रवारी भैय्याजी माइकपाशी आले, "उपस्थित बंधू आणि भगिनींनो" म्हणाले, आणि त्यांच्या लक्षात आलं की समोर एकच बंधू आहे.

ते दादाराव गजभिये होते.

दादाराव तहसील कचेरीच्या आवक-जावक शाखेतून निवृत्त झालेले. राहायला बुद्धविहारामागच्या वस्तीत. बोलायचं म्हटलं की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत, म्हणून आयुष्यभर त्यांनी ऐकण्याचंच काम केलं होतं. सहा वर्षं ते प्रत्येक कार्यक्रमाला येऊन सतरंजीच्या एका कडेला बसत, आणि खरोखर ऐकत. (इतरांना ही सवय नव्हती. त्यामुळे त्यांना कोणी ओळखलं नाही.) आपलं नाव एकदा त्या माइकवरून घेतलं जावं, जिनिंगच्या भिंतींवर आदळून परत यावं आणि आपण ते ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी बायकोला सोडून कुणाला सांगितली नव्हती.

सत्काराच्या यादीत त्यांचं नाव होतं. पण यादी वरून खाली वाचायची पद्धत होती, आणि त्यांच्या नावापर्यंत येईस्तोवर दरवर्षी वर्ष संपे. समितीत जातिभेद अजिबात नव्हता. हे भैय्याजी प्रत्येक कार्यक्रमात, कोणी विचारलेलं नसताना, सांगत.

वस्तीतल्या बाकीच्यांनी हे पहिल्याच वर्षी ओळखलं आणि येणं सोडलं. त्यांचे कार्यक्रम विहारात होत. सायकल दुरुस्तीवाला श्रावण दादारावांना रस्त्यात अडवून म्हणे, "काका, काहून जाता तेथ? थे काई तुमाले वरते बसवत नाईत."

"बसवत नाईत," दादाराव म्हणत, "पण आयकू त देतात."

"थे त भोंगा बी देते. घरी बसून आयकाले येते."

दादाराव हसत आणि जात.

आता मात्र त्यांना एकदम महत्त्व आलं. समितीचे सचिव विनायक गुरुजी नागपूरच्या वर्तमानपत्राला बातमी पाठवीत, आणि तिच्यात 'प्रचंड जनसमुदायाच्या उपस्थितीत' हे शब्द ठरलेले असत. गुरुजी खोटं लिहिणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी शब्द बदलले नाहीत, दादारावांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. समितीच्या कामकाजातही हाच शब्द रूढ झाला. जनसमुदायाला उकाड्याचा त्रास होतो म्हणून त्यांच्यासाठी पंखा लावण्यात आला. जनसमुदाय लघुशंकेला गेल्यामुळे एक भाषण मध्येच थांबवण्यात आलं, आणि जनसमुदाय परतल्यावर पहिल्यापासून सुरू करण्यात आलं. एकदा जनसमुदायाला जांभई आली, तेव्हा वक्त्यानं नंतर आठ दिवस कुणाशी बोलणं टाकलं.

पण जनसमुदाय सत्तरीच्या घरातला होता. त्याला काही झालं तर काय, या चिंतेनं समितीनं इतरत्र प्रयत्न केले. लोधीखेड्याला श्रोते मागितले, तर तिथूनही उलट मागणी आली, त्यांचीही तीच गत होती. रामाकोन्याहून ट्रॅक्टरभर माणसं आणली. त्यांनी इतकं शांतपणे ऐकलं की भारावून जाऊन समितीनं त्या सगळ्यांचा जागच्या जागी सत्कार केला, आणि ती सगळी वर जाऊन बसली.

मग एका शुक्रवारी दादाराव आलेच नाहीत.

माइक चालू होता, हार पाण्यात ठेवला होता, मंचावर सगळं शहर बसलं होतं आणि सतरंजीवर एक मांजर होतं. मांजर भैय्याजींच्या प्रास्ताविकातच उठून गेलं. तेव्हा भैय्याजी आणि गुरुजी स्वतः विहारामागच्या वस्तीत गेले. (घर शोधायला वेळ लागला. त्या वस्तीत समिती कधी आलेली नव्हती.)

दादाराव ओसरीवर मान खाली घालून बसले होते. बोलल्या त्या त्यांच्या पत्नी वत्सलाबाई.

"थे नाई येत."

"तब्येत बरी नाई का?" गुरुजींनी काळजीनं विचारलं.

"तब्येतीले काय झालं? मीच जाऊ देऊन नाई राहिली. आधी यांचा सत्कार करा, मंग या बोलवाले."

"अरे भाभी," भैय्याजी म्हणाले, "नाव घेऊनच राहिलो ना आमी! पुढच्या साली—"

"सहा साल झाले, पुढचं साल काई येऊन नाई राहिलं."

"पण हेच वर बसले, तर खाली कोण बसन? सत्कार पाहाले कोणी नको का?"

"थे तुमी पाहा. बसा, चहा ठेवते."

"चहा त आत्ताच झाला—"

वत्सलाबाईंनी चहा ठेवलाच आणि कप भैय्याजींच्या पुढ्यात आणून त्या उभ्या राहिल्या. भैय्याजींनी कपाकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं. जनसमुदायाचा प्रश्न होता. त्यांनी चहा घेतला. (बशीत ओतून, चटकन. पण घेतला, याची नोंद इतिहासानं करावी.)

जाताना त्यांनी वाटेत श्रावणला गाठलं. "वस्तीतले पन्नास मानसं पाठवशील का सतरंजीवर? चहा-फराळ आमच्याकडून."

श्रावणनं पंक्चरचं ठिगळ दाबून धरलं होतं, त्यानं मान वर केली नाही. "आमी लय साल आयकलं, भैय्याजी. आता तुमी आयका. चौदा एप्रिलले विहारात भाषण हाये, या."

"येतो ना! मंचावर जागा हाये का?"

"सतरंजी हाये."

भैय्याजींना त्या दिवशी नागपूरला काम निघालं.

समितीची तातडीची बैठक झाली. दादारावांच्या सत्कारापुरतं एकानं तरी खाली बसावं, असा ठराव सर्वांनुमते मंजूर झाला. कोणी बसावं यावर मात्र मतभेद झाले. डॉक्टर म्हणाले, वकिलांनी बसावं. वकील म्हणाले, कायद्यानं हेडमास्तर बसतात. चौथ्यांदा दहावीला बसणारा म्हणाला, मी बसतच आलोय, आता कंटाळलो. शेवटी श्रोत्यांशिवाय सत्कार करावा आणि टाळ्या गृहीत धराव्यात, असं ठरलं.

सत्काराच्या दिवशी दादाराव धुवट धोतर नेसून मंचाच्या अगदी टोकाच्या फळीवर बसले. समोर सतरंजी मोकळी होती. मग फाटकातून वत्सलाबाई आल्या, चपला काढल्या आणि सतरंजीच्या मधोमध बसल्या.

भैय्याजी उठले. चाळीस मिनिटं संत्री, सहकार आणि समाजाचं ऋण यांवर बोलले. मग आवाज चढवून म्हणाले, "आणि म्हणूनच आज आपण ज्यांचा गौरव करून राहिलो, ते आपल्या सगळ्यांचे लाडके, आपले... आपले हे..."

ते थांबले. त्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी कागद पाहिला. कागदावर 'जनसमुदाय' असं लिहिलं होतं.

मंचावर सगळं शहर बसलं होतं, आणि कुणालाच आठवेना.

दादाराव उठले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. फळ्या कुरकुरवत ते माइकपर्यंत आले आणि दोन्ही हातांनी त्यांनी माइकचा दांडा धरला.

"दादाराव सोनाजी गजभिये," ते म्हणाले.

आवाज पश्चिमेच्या भिंतीवर आदळला, दक्षिणेच्या भिंतीवर गेला आणि परत आला. दादारावांनी तो सहा वर्षांच्या सवयीनं नीट ऐकून घेतला.

"आनखी एक डाव घ्या," खालून वत्सलाबाई म्हणाल्या. "मी आयकून राहिली."

"दादाराव सोनाजी गजभिये."

वत्सलाबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्या गृहीत धरलेल्या नव्हत्या, त्यामुळे मंचावर काहीजण दचकले. दादारावांनी गुरुजींच्या हातातली शाल स्वतःच घेतली, मंचावरून खाली उतरले (नियम कोणी वाचून दाखवायच्या आत) आणि ती बायकोच्या खांद्यावर टाकली. संत्री घेतली नाहीत. दोघं फाटकातून बाहेर पडले आणि विहाराच्या रस्त्याला लागले.

मागे डॉक्टर दोन शब्द बोलायला उठले होते. त्यांच्यानंतर सगळं शहर बाकी होतं.

समिती तेव्हापासून श्रोत्याच्या शोधात आहे. पात्रता फारशी नाही. माणूस लांबलचक मजकूर शेवटपर्यंत सहन करणारा असावा. मध्ये प्रश्न विचारणारा नसावा. ऐकलेल्यापैकी काहीही करण्याचा त्याचा इरादा नसावा. तुम्ही इथवर आलात, एकदाही हात वर केला नाहीत, जागचे उठला नाहीत, हे भैय्याजींच्या नजरेतून सुटलेलं नाही. तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी जिनिंगच्या आवारात या. सतरंजी झटकून ठेवली आहे. मधोमध बसा आणि टाळ्यांसाठी हात मोकळे ठेवा. तुमचं नाव समितीनं विचारलेलं नाही. त्या जागेसाठी ते लागत नाही.