मिळाली, धन्यवाद

ज्ञान दिल्याने वाढतं, असं थोर लोक सांगून गेले. दिलेलं ज्ञान समोरच्याला उघडता आलं पाहिजे, ही बारीकशी अट सांगायची मात्र त्यांच्याकडून राहून गेली. तिचा फटका एका कॉलेजच्या किल्लीप्रमुखाला बसला.

कॉलेजात कुलुपं चारशे बारा. (चालणारी तीनशे नव्वद. उरलेल्यांचा मान राखून त्यांच्याही किल्ल्या जपल्या जातात.) याच्या आधी हे खातं एक मावशी सांभाळायच्या. त्यांची पद्धत अगदीच अडाणी होती. प्रत्येक किल्लीला चिंधी बांधलेली! प्रयोगशाळेची निळी, ग्रंथालयाची फुलाफुलांची, प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची लाल. कुणीही यावं, चिंधी बघावी, किल्ली न्यावी. याला काय व्यवस्था म्हणायचं?

मावशी निवृत्त झाल्या आणि त्याने सुधारणा हाती घेतली. सात महिने खपून डेटाबेस तयार केला. एकेका किल्लीची एकोणीस प्रकारची माहिती: खोली, मजला, गंज (टक्क्यांत) वगैरे. मग चिंध्या कापून टाकल्या आणि किल्ल्यांना नंबरांचे बिल्ले लावले. नंबर मुद्दाम उलटसुलट दिले, चोराला कळू नयेत म्हणून. चोराला ते कळले नाहीत. इतर कुणालाही कळले नाहीत.

माहिती दडवून ठेवणाऱ्यांतला तो नव्हता. त्याने फाइल त्रेसष्ट जणांना पाठवली. ती उघडणारं सॉफ्टवेअर सबंध कॉलेजात एकाच संगणकावर होतं, त्याच्या. तरी साठ जणांनी 'मिळाली, धन्यवाद' असं कळवलं. दोघांनी नुसता अंगठा पाठवला. एकट्या ग्रंथपाल बाईंनी 'उघडत नाही हो' असं लिहिलं, तेव्हा त्याने त्यांना तीच फाइल पुन्हा पाठवली. मग त्यांचंही 'मिळाली, धन्यवाद' आलं. वार्षिक अहवालात त्याने नोंदवलं: माहितीचा प्रसार, शंभर टक्के.

प्रत्यक्षात ज्याला किल्ली हवी तो त्याच्या दाराशी यायचा आणि तो संगणकात बघून नंबर सांगायचा. दाराशी लागणाऱ्या रांगेला तो 'वाढता प्रतिसाद' म्हणायचा. वर्षभरात त्याला एकही रजा मिळाली नाही. "त्या मावशी बऱ्या," बायको म्हणाली, "दुपारी जेवायला तरी घरी जायच्या." त्याने ते स्वतःचं कौतुक म्हणून घेतलं.

आणि वार्षिक परीक्षेचा दिवस उजाडला. पेपर अकराला. पावणेअकराला तो पाणी प्यायला म्हणून खोलीबाहेर आला आणि मागे दार लागलं. (जुन्याच कुलपाला आपोआप लागायची सोय. डेटाबेसच्या सुरक्षेसाठी त्यानेच करून घेतली होती.) किल्ली आत टेबलावर. दुसरी बाहेर, किल्ल्या टांगायच्या फळ्यावर, चारशे बारांतली एक. तिचा नंबर आत, संगणकात.

तेवढ्यात शिपाई धावत आला. "साहेब, प्रश्नपत्रिकांच्या कपाटाचा नंबर कुठला?"

वर तीनशे चाळीस मुलं पेन उघडून बसली होती. त्यांत त्याची स्वतःची लेक, वर्षभर पहाटे चारला उठून अभ्यास केलेली.

"फाइल बघा ना, सगळ्यांकडे आहे," तो म्हणाला. आणि ते खरंच होतं. अकरा प्राध्यापकांनी अकरा फोन काढले. अकराही फोनांनी नकार दिला. बारावा त्याचा, त्यानेही.

एकेक किल्ली लावून बघावी तर, अर्ध्या मिनिटाला एक धरून, साडेतीन तास. पेपर तीन तासांचा. कुलूप तोडावं तर हातोडी हत्यारांच्या कपाटात, आणि त्या कपाटाची किल्ली फळ्यावर. प्राचार्य घड्याळाकडे बघत राहिले. लेक जिन्यात येऊन उभी राहिली. "बाबा, तुमच्यामुळे थांबलंय?" एवढंच म्हणाली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी शिपाई मागच्या गल्लीतून मावशींना घेऊन आला. मावशींनी फळा पाहिला. "चिंध्या कुठं गेल्या माझ्या?" यावर सगळ्यांनी छताकडे पाहिलं. मग त्यांनी किल्ल्यांवरून हात फिरवला आणि एक काढली. "ही कपाटाची. दात झिजलेत हिचे." आणि न विचारता दुसरी. "ही तुमच्या खोलीची. मान वाकडी आहे."

पेपर अकरा वाजून चार मिनिटांनी सुरू झाला. त्याच्या जिवात जीव आला, आणि जीव आल्याबरोबर अक्कलही परत आली. "मावशी, हे सगळं कुठंतरी लिहून ठेवायला हवं होतं तुम्ही."

"ठेवलं होतं की! निवृत्त होताना भाच्याकडून टाइप करून अख्खी यादी तुम्हाला पाठवली. तुमचं उत्तरही आलं होतं."

काय उत्तर आलं होतं, ते त्याने विचारलं नाही. खोलीत जाऊन जुन्या मेलांमध्ये शोधलं. फाइल होती, आणि एका टिचकीत उघडली, कुठलंही खास सॉफ्टवेअर न लागता. पहिलीच ओळ होती: 'साहेब, आधी तुमच्या खोलीची एक किल्ली शिपायाकडे देऊन ठेवा.'

त्याच दिवशी त्याने ही सगळी हकिगत, स्वतःच्या मूर्खपणासकट, लिहून काढली आणि इतरांनी धडा घ्यावा म्हणून ओळखीच्या प्रत्येकाला पाठवली. कुणालाही उघडेल अशी, साधी. संध्याकाळपर्यंत सगळ्यांची उत्तरं आली.

तुम्हालाही पाठवली होती. तुमचं उत्तर सगळ्यात आधी आलं.